अधिवेशनाला जा, पण एकटे जाऊ नका

ताई, नमस्कार.

मी मूळचा इचलकरंजीचा, नोकरीमुळे ओहायोत स्थायिक झालोय. मध्यंतरी एक जुनी मियाटा, म्हणजे माझदाची छोटी स्पोर्ट्स कार, घेतली आणि एका सहकाऱ्याच्या नादाने स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या, म्हणजे एससीसीएच्या ऑटोक्रॉसला जायला लागलो. मोकळ्या पार्किंग लॉटवर कोन मांडायचे आणि एकेका गाडीने घड्याळाशी शर्यत लावायची, एवढाच हा खेळ. पण वेड लागलं. गेल्या नोव्हेंबरात मी आमच्या रीजनचा, म्हणजे क्लबच्या इथल्या शाखेचा, रीजनल एक्झिक्युटिव्ह, म्हणजे प्रमुख झालो. निवडून आलो असं म्हणायचं, खरं तर दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. आता रीजनचं बोर्ड म्हणतंय की क्लबच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जाऊन ये. नोंदणीचे पैसे रीजन भरेल, विमान आणि हॉटेल मी बघायचं. बायको म्हणते, एप्रिल ते ऑक्टोबर तुझे रविवार कोन उचलण्यात जातात, आता हिवाळाही त्यांनाच द्यायचा का? रजा मोजक्याच आहेत, त्यात भारतातही जायचंय. शिवाय तिथे चाळीस-चाळीस वर्षं क्लबात काढलेली माणसं येणार, त्यांच्यात मी काय बोलणार? आमची अवस्था अशी की ज्या मॉलच्या लॉटवर आमचे इव्हेंट व्हायचे तो विकला गेला. एकच जागा उरली आहे. सगळी कामं तीच सात-आठ माणसं करतात. अशा वेळी अधिवेशन कामाचं आहे की नुसती सहल?

– कोनवाला, ओहायो

प्रिय कोनवाले,

तुमच्या पत्रातला सगळ्यांत नेमका प्रश्न वहिनींनी विचारला आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकून पुढे गेलात. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

वहिनींची तक्रार अधिवेशनाबद्दल नाहीच. तीन दिवसांनी कुणाचा संसार अडत नाही. तक्रार रविवारांबद्दल आहे. मी याच क्लबात बरीच वर्षं टायमिंगच्या ट्रेलरमध्ये बसले आहे, त्यामुळे तो रविवार कसा जातो हे मला वेगळं सांगायला नको. उजाडायच्या आत ट्रेलरचं कुलूप काढायचं, जनरेटर धरतोय का बघायचं, स्टार्ट आणि फिनिशला टायमिंगचे लाइट लावायचे. रात्री कागदावर काढलेला कोर्स जमिनीवर उतरवायचा आणि प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूने चौकट मारायची, म्हणजे पडलेला कोन कुठे ठेवायचा ते कोर्स वर्करला कळतं. मग टेक, म्हणजे तपासणी: हेल्मेटचं स्टिकर चालतं का, चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी हलत नाही ना, सीटखाली पाण्याची बाटली लोळत नाही ना. त्यानंतर ड्रायव्हर्स मीटिंग. कोण कधी गाडी पळवणार आणि कोण कधी कोन उचलणार, याच्या पाळ्या लावायच्या. संध्याकाळी मंडळी आपापल्या वेळा बघून, दोन-चार फुशारक्या मारून घरी गेली की कोन गोळा करायचे, लॉट फिरून बघायचा, कचरा उचलायचा. सोमवारी जागामालकाला फोन करून आभार मानायचे. यातलं किती तुम्ही स्वतः करता, ते पत्रात लिहिलेलं नाही. पण ‘दुसरं कुणी उभंच राहिलं नाही’ या तुमच्या वाक्यावरून अंदाज येतो.

तेव्हा पहिली गोष्ट. विमानाचं तिकीट काढण्याआधी यातलं एक काम दुसऱ्याच्या नावावर करा. ‘जरा मदत कर’ असं म्हणून नाही. मदत मागितली की काम तुमचंच राहतं, समोरचा फक्त हात लावून जातो. ‘या सीझनपासून नोंदणी तुझ्याकडे’ असं सांगा. मोटरस्पोर्टरेज या नोंदणीच्या वेबसाइटवरचा इव्हेंट उघडण्यापासून शेवटच्या माणसाचे पैसे परत करण्यापर्यंत सगळं त्याचं. किंवा टेकची जबाबदारी एकीकडे द्या, ती तिची माणसं उभी करेल. पहिल्या दोन इव्हेंटांत गोंधळ होईल. तुम्ही मध्ये पडू नका. टायमिंगचं उदाहरण देते. कोन पडला की दोन सेकंदांचा दंड. तो कोर्स वर्करने रेडिओवर सांगायचा आणि ट्रेलरमधल्या माणसाने त्याच रनवर चढवायचा. नवीन माणूस कधीतरी तो पुढच्या गाडीवर चढवणारच, आणि कुणीतरी ट्रेलरच्या दारात येऊन आवाज चढवणारच. चढवू दे. वेळा दुरुस्त करता येतात. पण त्या क्षणी रीजनल एक्झिक्युटिव्ह धावत आला आणि खुर्चीत बसला, तर तो नवा माणूस पुढच्या महिन्यात फिरकत नाही. ही सात-आठ माणसं सात-आठच का राहिली आहेत, याचं निम्मं उत्तर बहुतेक क्लबांत मला या खुर्चीपाशी सापडलं आहे.

वहिनींना ‘एवढं अधिवेशन होऊ दे, मग बघू’ असं सांगू नका. मोसमातले ठरावीक रविवार तुमचे नाहीत, त्या दिवशी इव्हेंट दुसरं कुणीतरी चालवणार, हे कॅलेंडरवर आधी लिहा आणि ते कॅलेंडर त्यांच्यासमोर ठेवा. आणि ‘तूही चल, तेवढंच फिरणं होईल’ हे आमिष तर अजिबात दाखवू नका. तुम्ही सकाळी आठपासून सत्रांत बसणार आणि वहिनी हॉटेलच्या लॉबीत. त्यांना स्वतःहून यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता, सहल की काम? ज्यांना हा क्लब माहीत नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते. एससीसीए १९४४ साली बॉस्टनमध्ये सुरू झाला, स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या मूठभर हौशी लोकांनी काढला. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावाच्या रस्त्यांवर युद्धानंतरची पहिली मोठी रोड रेस झाली, ती याच क्लबच्या मान्यतेने. आज मुख्य कचेरी कॅन्ससमध्ये टोपिकाला आहे आणि देशभर शंभराहून अधिक रीजन्स आहेत. कचेरीतली मंडळी पगारी आहेत, पण झेंडा दाखवणारे, वेळ घेणारे, कोन उचलणारे, नियम लिहिणाऱ्या समित्यांवर बसणारे बहुतेक सगळे बिनपगारी. रेसिंगमध्ये नाव कमावलेली कितीतरी माणसं इथूनच वर आली. नट पॉल न्यूमन याच क्लबच्या राष्ट्रीय स्पर्धांत चारदा जिंकला, शेवटचं विजेतेपद १९८६ साली, वयाच्या साठीनंतर. तुमच्या ओहायोतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर क्लबची राष्ट्रीय रनऑफ्स, म्हणजे रोड रेसिंगची अजिंक्यपद स्पर्धा, १९९४ ते २००५ अशी सलग भरली, तेव्हा तुमच्याच भागातल्या किती लोकांनी रजा टाकून कॉर्नरवर झेंडे धरले असतील. तुम्ही ज्यांना ‘चाळीस वर्षंवाले’ म्हणता ती ही माणसं.

राष्ट्रीय अधिवेशन म्हणजे या बिनपगारी लोकांनी वर्षातून एकदा एका छताखाली येणं. बरीच वर्षं ते लास व्हेगासच्या साउथ पॉइंट हॉटेलात भरायचं. कोविडमध्ये ऑनलाइनही झालं. तिथे काय काय असतं? क्लबच्या राष्ट्रीय बोर्डाची खुली सभा. सोलो (म्हणजे आपलं ऑटोक्रॉस), रोड रेसिंग, रॅलीक्रॉस (तेच, पण कच्च्या मातीवर) अशा प्रत्येक विभागाची सत्रं. रीजन चालवणाऱ्यांसाठी पैसे, विमा, नवे सभासद, सुरक्षा या विषयांवर बैठका. संध्याकाळी जेवण, सत्कार, हॉल ऑफ फेम, आणि वुल्फ बर्नाटो पुरस्कार, जो क्लबचा सर्वोच्च मान आहे आणि १९४८ पासून दिला जातो. त्या संध्याकाळी टाळ्या वाजवा, जेवा, पण खर्च केलात तो त्यासाठी नाही.

तुम्ही बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला गेला असालच. तिथे मुख्य मंचावर काय झालं हे वर्षभराने कुणाला आठवत नाही, पण नाश्त्याच्या रांगेत भेटलेल्या डॅलसच्या माणसाने मराठी शाळेसाठी वर्ग कसे मिळवले ते आठवतं. इथेही तेच. म्हणून जाताना भाषणांची यादी घेऊन जाऊ नका, तुमच्या रीजनचा एक प्रश्न घेऊन जा. तुमच्याकडे तो आहेच: जागा गेली.

या प्रश्नावर जरा थांबते, कारण ऑटोक्रॉसचा खरा घोर हाच आहे. गाड्या आहेत, ड्रायव्हर आहेत, डांबर नाही. मॉल विकले जातायत, स्टेडियमचे लॉट रविवारी दुसऱ्या कार्यक्रमांना जातायत. नवी जागा मागायला गेलात की मालकाच्या मनात तीन भीती असतात: कुणाला लागलं तर माझ्यावर दावा, डांबर खराब होईल, आणि शेजारी आवाजाची तक्रार करतील. या तिन्हींना उत्तर आहे, आणि ते आधीच कुणीतरी शोधून वापरलेलं आहे. दाव्याच्या भीतीला उत्तर आहे क्लबचा विमा. क्लबच्या मान्यतेने इव्हेंट असला की जागामालकाचं नाव अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड, म्हणजे त्याच विम्याचं संरक्षण मिळणारा, म्हणून घातलेलं प्रमाणपत्र मिळवता येतं. पण ते कधी मागायचं, नाव कसं लिहायचं, मालकाचा वकील कुठल्या शब्दावर अडतो, हे ज्याने गेल्या वर्षी केलंय त्यालाच विचारायचं. विम्याचं सत्र हे अधिवेशनातलं सगळ्यांत कंटाळवाणं सत्र. दुपारी जेवणानंतर ठेवतात आणि निम्मी खोली पेंगत असते. तरी तिथे पहिल्या रांगेत बसा, आणि सत्र संपल्यावर ते घेणाऱ्या माणसाचं कार्ड घ्या.

डांबराच्या भीतीला फोटो हे उत्तर. इव्हेंटच्या आधी आणि नंतर, त्याच कोपऱ्यातून. ज्या लॉटवर नुकतंच सीलकोट, म्हणजे डांबरावरचा संरक्षक थर, मारलंय तिथे भर उन्हाळ्यात कोर्स मांडायचाच नाही. ऊन लागून मऊ पडलेला थर चिकट टायरांनी वळणावर खरवडला जातो आणि मालक पुन्हा फोन उचलत नाही. आवाजाचं सांगायचं तर काही रीजन्स आवाजाचा मीटर ठेवतात आणि मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीला पुढचा रन देत नाहीत. चर्च जवळ असेल तर पहिली गाडी उशिरा सोडतात. एवढ्याशा गोष्टीने जागा टिकल्या आहेत.

तुमचा पुढचा विचार बहुधा जवळच्या छोट्या विमानतळाचा असणार. सगळ्यांचाच असतो. वापरात नसलेली टॅक्सीवे बघितली की ऑटोक्रॉसवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. पण फेडरल अनुदान घेतलेल्या विमानतळाला धावपट्टीसारखा भाग विमानांशी संबंध नसलेल्या कार्यक्रमासाठी बंद ठेवायचा असेल तर एफएएची, म्हणजे केंद्र सरकारच्या विमानवाहतूक खात्याची, मंजुरी लागते. विमानतळाचा मॅनेजर हो म्हणाला म्हणजे काम झालं असं समजून तारीख जाहीर केली की फजिती होते. ज्या रीजन्सनी विमानतळावर इव्हेंट चालवले आहेत त्यांनी अर्ज किती आधी टाकला, कुणाच्या सहीने टाकला, हे विचारा. शक्य झालं तर त्यांच्या अर्जाची प्रतच मागा. देतात. या क्लबातली एक गोष्ट मला मनापासून आवडते: ट्रॅकवर एकमेकांना सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी सोडणार नाहीत, पण कागदपत्रं सढळ हाताने देतात.

आणखी एक रस्ता. टीनएजर मुलांना गाडीवर ताबा कसा ठेवायचा ते शिकवणारी ‘टायर रॅक स्ट्रीट सर्व्हायव्हल’ ही शाळा बीएमडब्ल्यू क्लबच्या फाउंडेशनची आहे, पण एससीसीएची रीजन्सही ती भरवतात. जागामालकाला ‘आम्हाला शर्यती लावायच्यात’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या गावातल्या मुलांना आम्ही ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायला शिकवतो’ म्हटलं तर दार लवकर उघडतं. शिवाय त्या मुलांचे आईबाप दिवसभर लॉटवर उभे असतात. त्यांच्यातून तुमचा नववा, दहावा कार्यकर्ता मिळू शकतो. अधिवेशनात असं कुणी केलेलं भेटलं तर त्याला सोडू नका.

आता तुमचा भिडस्तपणा. तो मला कळतो. पहिल्यांदा त्या हॉलमध्ये शिरलात की पिकलेले केस, बिल्ल्यांनी भरलेली जॅकेट आणि एकमेकांना नावाने हाका मारणारी माणसं दिसतात. संक्षेपांचा तर पाऊस पडतो. एसईबी, सीआरबी, आरई, बीओडी. एसईबी म्हणजे सोलो इव्हेंट्स बोर्ड, ते तुमच्या कामाचं. आरई तुम्ही स्वतः. उरलेले ऐकता ऐकता कळतील, आणि नाही कळले तरी कुणी परीक्षा घेणार नाही.

सकाळच्या नाश्त्याला ओळखीच्या टेबलाकडे जाऊ नका. तुमच्या राज्याबाहेरच्या रीजनचं नाव गळ्यातल्या बिल्ल्यावर दिसेल त्याच्या शेजारी प्लेट ठेवा. वाक्य तयार ठेवा: ‘आम्ही अमुक रीजनचे, आमचा मॉलचा लॉट गेला. तुमच्यावर ही वेळ आली तेव्हा काय केलंत?’ बस्स. त्यानंतर तुम्हाला फारसं बोलावं लागणारच नाही. समोरचा माणूस चमचा खाली ठेवतो, खिशातून पेन काढतो, नॅपकिनवर फेअरग्राउंडचा, म्हणजे त्यांच्या जत्रेच्या मैदानाचा, नकाशा काढतो, कुंपण कुठे, विजेचे खांब कुठे, मालकाच्या बायकोला कोणती पाई आवडते तेही सांगतो. नॅपकिन जपून ठेवा. आपल्या उच्चारांची, आपण तिथे वेगळे दिसतो याची काळजी पहिल्या पाच मिनिटांत विसरली जाते, कारण तुम्ही त्यांच्या आवडीचा विषय काढलेला असतो. आणि खरं सांगू का, तिथल्या जुन्या लोकांना सगळ्यांत जास्त चिंता आहे ती आपल्यामागे हे कोण चालवणार याची. चाळिशीतला, नुकताच आलेला, गाडीपेक्षा लॉटची फिकीर करणारा रीजनल एक्झिक्युटिव्ह समोर बसला तर त्यांना तुम्ही परके वाटाल की आशेचे, याचा विचार तुम्हीच करा.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. एक म्हणजे टायरांचा वाद. स्ट्रीट वर्गात, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांच्या गटात, टायरचं ट्रेडवेअर (टायर किती हळू झिजतो त्याचा आकडा) किमान २०० हवं हा नियम आहे, पण त्या आकड्याच्या आडून कंपन्या किती चिकट टायर विकतात, यावर कॉरिडॉरमध्ये दोन-दोन तास घालवणारी मंडळी आहेत. मजा येते ऐकायला, पण तुमचा लॉट त्यातून मिळत नाही. नियमांबद्दल काही म्हणणं असेल तर एसईबीला पत्र लिहिण्याची सोय आहे आणि ती पत्रं खरोखर वाचली जातात. ते काम घरी बसून होतं. दुसरं म्हणजे राष्ट्रीय बोर्डाची खुली सभा. तिथे कुणीतरी जुनं दुखणं घेऊन माइकपाशी उभं राहतंच. तुमच्या भागाचा एरिया डायरेक्टर, म्हणजे त्या बोर्डावरचा प्रतिनिधी, कोण आहे ते आधी बघून ठेवा, आणि त्याला माइकवरून नाही, चहाच्या वेळी गाठा. सभासदांनी निवडून दिलेला माणूस आहे तो. दहा मिनिटं देईल.

आता पैशाची गोष्ट, कारण तुम्ही ‘विमान आणि हॉटेल मी बघायचं’ हे अगदी सहज लिहून गेलात. मला ते पटलेलं नाही. तुम्ही रीजनच्या कामाला निघाला आहात. रीजनकडे पैसे नसतील तर तसं स्पष्ट असू दे, पण बोर्डाने काय भरायचं, किती मर्यादेपर्यंत, पावत्या कधी द्यायच्या, हे ठराव करून सभेच्या मिनिट्समध्ये लिहा. खिशातून भरणारा आरई दिसायला उदार दिसतो. प्रत्यक्षात तो पुढच्या आरईची वाट बंद करतो, कारण ज्याला ते परवडत नाही तो मग त्या पदाकडे फिरकतच नाही. तुमच्या पत्रातलं ‘दुसरं कुणी उभंच राहिलं नाही’ कदाचित इथूनही आलेलं असेल. खर्चाची करात सवलत मिळते का, हे तुमचं रीजन कुठल्या कलमाखाली नोंदलेलं आहे त्यावर ठरतं. मित्राने सांगितलं म्हणून गृहीत धरू नका, खजिनदाराला कागद काढायला लावा. कागद काढलेच आहेत तर आणखी एक बघा: करमुक्त संस्था म्हणून नोंद असेल आणि वर्षाची जमा साधारण पन्नास हजार डॉलरच्या आत असेल, तरी आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, ९९०-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. सलग तीन वर्षं राहिला तर करमुक्ती आपोआप जाते. खजिनदार बदलला की हा फॉर्म राहतो.

आणि आता माझं मुख्य म्हणणं, ज्यासाठी एवढं लिहिलं. तुम्ही एकटे जाऊ नका.

त्या सात-आठ जणांत एक माणूस असा असेल की ज्याच्याकडे बघून तुम्हाला वाटतं, दोन वर्षांनी हा हे सांभाळेल. किंवा ही. बहुतेक वेळा तो सगळ्यांत वेगवान ड्रायव्हर नसतो. जिला आपल्या वेळेपेक्षा पाळ्यांचा तक्ता नीट बसला याचा जास्त आनंद होतो, अशी एखादी वेव्हरच्या, म्हणजे ‘इजा झाली तर दावा करणार नाही’ या कागदावर सह्या घ्यायच्या, टेबलावर बसलेली असेल. तिला घेऊन जा. हॉटेलच्या दोन खोल्या परवडत नसतील तर जवळच्या रीजनमधल्या कुणाला तरी विचारा. असे जोड जुळवतातच. तिथे दोघांनी वेगवेगळ्या सत्रांना बसायचं आणि रात्री जेवताना एकमेकांना सांगायचं. एकटा माणूस परत येऊन सांगतो तेव्हा त्याचं ऐकणारे जांभया देतात. दोघं परत येतात तेव्हा निदान त्या दोघांचं तरी बोलणं चालू राहतं. तुम्ही पद सोडाल तेव्हा त्या फेअरग्राउंडवाल्याचा नंबर तुमच्या फोनबरोबर निघून जाणार नाही, हाही फायदा.

दोघांचे पैसे निघत नसतील आणि एकालाच जाता येणार असेल, तर तिला पाठवा. हो, तुम्ही न जाताही चालेल. तुमची भारताची रजा वाचेल, वहिनींचा हिवाळा वाचेल, आणि रीजनल एक्झिक्युटिव्हने स्वतःऐवजी दुसऱ्याला पुढे केलं ही बातमी तुमच्या रीजनमध्ये कुठल्याही भाषणापेक्षा लांब जाईल. बोर्डातलं कुणीतरी म्हणेल की आरईच गेला पाहिजे. क्लबचं काम करणारा कुणीही सभासद चालतो, असं त्यांना सांगा.

राष्ट्रीय अधिवेशन यंदा कसंच जमत नसेल, तर मधला रस्ता आहे. डिव्हिजन पातळीवरही अशा बैठका भरतात. तुमचं ग्रेट लेक्स डिव्हिजन. मिशिगन, इंडियाना, केंटकी तुमच्या शेजारी आहेत. गाडी चालवत जाता येतं, एका गाडीत चौघं मावतात. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी मला तर ते जास्त बरं वाटतं. तिथली माणसं तुमच्याच पावसात, तुमच्याच बर्फानंतर फुटलेल्या डांबरावर कोन मांडतात. लॉटचा प्रश्न त्यांचाही तोच असतो, आणि एखाद्या रीजनची जागा तुम्हा दोघांना मिळून वापरता येते का, हे बोलणं तिथेच होऊ शकतं. राष्ट्रीय अधिवेशनात भेटलेल्या ॲरिझोनाच्या माणसाशी ते होणार नाही.

परत आल्यावरचं थोडक्यात. वीस कल्पना आणू नका. अधिवेशनाहून आलेल्या आरईचा उत्साह हा बोर्डाला दर वर्षी फेब्रुवारीत होणारा आजार आहे, आणि त्यावर त्यांच्याकडे ‘छान आहे, बघू’ हे जुनं औषध आहे. एकच गोष्ट निवडा, जी पहिल्याच इव्हेंटला करून दाखवता येईल. माझ्या मते ती म्हणजे नवख्यांसाठी एक ठरलेला माणूस. सकाळी आलेल्या प्रत्येक नव्या चेहऱ्याला कोर्सवर पायी फिरवून आणायचं, हेल्मेट मिळवून द्यायचं आणि त्याच्या कामाच्या पाळीत अनुभवी वर्करच्या शेजारी उभं करायचं. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, आणि ज्यांची आठवी-नववी पाळी सुरू आहे त्यांचा भार याच माणसांनी हलका होणार आहे. बाकीच्या कल्पना एका पानावर लिहून खजिनदार, सोलो चेअर आणि वेव्हरवाल्या त्या तुमच्या उत्तराधिकारी बाईंना पाठवा. एकच पान.

जाण्याचा निर्णय पुढच्या बोर्ड मीटिंगला घ्या. फक्त तो विषय अजेंड्याच्या तळाशी ‘इतर’मध्ये टाकू नका, पहिला ठेवा. ‘इतर’ येईपर्यंत त्या सात-आठांतले चार जण घरी गेलेले असतात, आणि उरलेले मग तुमच्याकडे बघून म्हणतात, तूच जा.

– ताई